मानेला हात न लावणारा डॉक्टर

तासगावच्या बाजारात मला अजून लोक थांबवतात. कुणाची मान धरलेली असते, कुणाचा मुलगा मोटारसायकलवरून पडलेला असतो. "भूपालअण्णा, त्या साताऱ्याच्या मानेच्या डॉक्टरकडं जावं का न्हाई?" असं विचारतात. चहाच्या गाड्यावर उभ्या उभ्या देता येईल असं ते उत्तर नाही. म्हणून एकदा घडलं तसं लिहून काढतो.

मी बेदाण्याचा व्यापारी. पेटीच्या वरच्या थरावर विश्वास ठेवणारा माणूस आमच्या धंद्यात टिकत नाही. वर पिवळाधमक माल असतो आणि खाली काय असेल ते हात घातल्याशिवाय कळत नाही. आजारपणात हाच स्वभाव मला कधी उपयोगी पडला, कधी आडवा आला. कोणत्या वेळी काय झालं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

वडूजच्या अलीकडे

नव्वद सालानंतरची ती वर्षं. आमच्याकडे जो तो द्राक्षं लावत होता, बेदाण्याच्या शेड उभारत होता. मी नमुन्याच्या पिशव्या घेऊन साताऱ्याला निघालो होतो. एसटी चुकली म्हणून वडापच्या, म्हणजे रस्त्यावरची माणसं भरून नेणाऱ्या, जीपमध्ये बसलो. वडूजच्या अलीकडे रस्त्यावर मेंढरं आडवी आली. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. आम्ही मेंढरं जाताना बघत बसलो होतो, तेवढ्यात मागून कांद्यानं भरलेला ट्रक आला आणि त्यानं आम्हाला ठोकलं.

सीटची पाठ खांद्याएवढीच होती. माझं डोकं मागं गेलं, मग पुढं आलं. कानाच्या मागं काहीतरी वाजल्यासारखं झालं. रक्त नाही, खरचटलंसुद्धा नाही. एका बाईचा ओठ फुटला होता, तिच्याकडे सगळे धावले. ट्रकवाला आणि जीपवाला एकमेकांच्या अंगावर गेले. मी खाली बसून सांडलेले बेदाणे पिशवीत भरत होतो.

साताऱ्यात माझी थोरली बहीण राहते, आक्का. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत आक्काकडे जेवलो आणि अपघाताची गोष्ट हातवारे करून, हसत सांगितली. सकाळी जाग आली तर डोकं उशीवरून उचलेना. शेवटी दोन्ही हातांनी स्वतःचेच केस धरले, डोकं वर घेतलं, तेव्हा कुठं उठून बसता आलं.

"असल्या मानंवर आमी परेड केल्यात," दाजी म्हणाले. "गरम पाण्यानं शेक. एकदम फिट होतोस."

छताकडे बघत

सांगलीच्या दवाखान्यात मानेचा एक्स-रे फोटो काढला. "हाड शाबूत आहे. स्नायूंना हिसका बसलाय," असं डॉक्टर म्हणाले आणि मला खाटेवर उताणं निजवून हनुवटीला पट्टा बांधला. पट्ट्याची दोरी डोक्यामागं नेऊन तिला वजनं टांगली. दिवसभर दिसायचं ते छत आणि पंखा. बोलणारा माणूस खाटेजवळ येऊन वाकला तरच त्याचं तोंड दिसे. त्यामुळं कोण आलं, कोण गेलं, हे मी पावलांवरून ओळखायला शिकलो. फरशी पुसणाऱ्या मावशी पहाटे फिनेलचा वास घेऊन येत. दुपारी माझी बायको रत्ना डबा आणायची. कांदा-लसूण चालत नाही, अंधार पडल्यावर जेवण नाही, म्हणून ती बिचारी उन्हातच तासगावहून निघायची आणि मला आडव्यानंच घास भरवायची.

एक दिवस व्हरांड्यात रत्ना आणि आक्का कुजबुजत असल्याचं ऐकू आलं. "त्यांना कळू देऊ नका," एवढंच कळलं. दोघी आत आल्या आणि गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मी डॉक्टरांना विचारलं, "माझ्यापास्नं काय लपवताय?" ते हसले. हसल्यावर तर माझी खात्रीच झाली. मानेत गाठ निघाली असणार, आणि ती बरी होण्यातली नसणार. बंद पडलेला व्यवहार कुणी सांभाळायचा, धाकट्या मुलीचं शिक्षण कोण बघणार, याचा सगळा विचार मी त्या छताखाली उरकून टाकला.

शेवटी रत्नावर ओरडलो तेव्हा ती रडली. लपवाछपवी माझ्यापासून नव्हती. माझ्या आईचं हृदय नाजूक. तिला या बायकांनी मी खरेदीसाठी विजापूरला गेलोय असं सांगितलं होतं. आता मी घरी पट्टा लावून गेल्यावर तिला काय सांगायचं, यावर त्यांचं चाललेलं होतं. मला हसू आलं. हसताना मानेत अशी कळ आली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि रत्नाला वाटलं मीही रडतोय.

शहाळी घेऊन आलेला माणूस

मानेला पट्टा लावून घरी आलो. आईनं एकदा बघितलं आणि म्हणाली, "विजापुरात असलं बी मिळतंय व्हय?" तिला सगळं आधीच कळलं होतं.

बाजारात मात्र निराळीच कुजबुज. ट्रकमालकावर दावा लावायचाय म्हणून भूपाल पट्टा लावून फिरतोय, असं म्हणत होते. एकानं तर गंमत म्हणून मागून येऊन पट्टा ओढला. मी खाली बसलो. तो म्हणाला, "नाटक लय झ्याक जमतंय की अण्णा."

एका दुपारी एक अनोळखी गृहस्थ शहाळी घेऊन घरी आले. कराडकडचा व्यापारी आहे, बेदाणा घ्यायचाय, असं म्हणाले. पण दराबद्दल एक शब्द नाही. मान किती वळते, झोप लागते का, हेच विचारत बसले. बोलता बोलता त्यांच्या हातातली किल्ली माझ्या पायाशी पडली. ती त्यांनी उचलली नाही. मी वाकतो का, ते बघत राहिले. मीही त्यांच्याकडे बघत राहिलो. शेवटी रत्नानं ती उचलून दिली. तो माणूस पुन्हा कधी दिसला नाही. ट्रकमालकाचा असेल, वकिलाचा असेल, खरंच व्यापारी असेल. शहाळी मात्र मी कुणाला पिऊ दिली नाहीत.

मानेचं दुखणं बाहेरून दिसत नाही, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग. पाय मोडला असता तर निदान प्लास्टर दिसलं असतं.

बोटं

पट्टा लावूनही दुखणं जाईना तेव्हा एका हाडवैद्याचं नाव पुढं आलं. तासगावापासून फार लांब नाही. मला त्याचा भरवसा नव्हता, पण मोठ्या दवाखान्याचा तरी कुठं राहिला होता? त्यानं मला जमिनीवर बसवलं, तेल चोळलं, गप्पा मारत माझी हनुवटी धरली आणि कुणाला कळायच्या आत झटक्यात फिरवली. कट्‌कन आवाज झाला. डोळ्यांपुढं अंधारी आली.

आणि खरं सांगतो, त्या संध्याकाळी माझी मान फिरली. घरी येताना मी पट्टा हातात घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, गेलो आणि कित्येक दिवसांनी मूर्तीपुढं डोकं टेकवून नमस्कार केला. बाजारात छाती काढून हिंडलो.

ते सुख दोन-तीन दिवसच टिकलं. मग उजव्या हातातून आग निघायला लागली. नंतर दोन्ही हातांची बोटं झोपल्यासारखी व्हायची. मी ते कुणाला सांगितलं नाही. एकदा सौद्याच्या वेळी समोर नमुन्याच्या बेदाण्याचं ताट आलं. बेदाणा ओला की कोरडा हे आम्ही बोटांत चुरून ठरवतो, लहानपणापासूनची सवय. मी चुरला आणि म्हणालो, "कोरडा हाय. घ्या." शेजारच्यानं तोच माल हातात घेतला आणि माझ्याकडे विचित्र नजरेनं बघितलं. बेदाणा त्याच्या बोटांना चिकटला होता. माझ्याही बोटांना चिकटलेला होता. मला तो दिसत होता, कळत नव्हता.

त्या दिवशी मी खरा घाबरलो. मान दुखत होती तोवर ते दुखणं होतं. बोटं गेली तर मी कोण?

साताऱ्याची खोली

आक्काचा एसटीडी बूथवरून फोन आला. साताऱ्यात एक तरुण डॉक्टर आलाय. दाजींच्या पलटणीतल्या एकाचा मुलगा. ऑस्ट्रेलियात शिकून आलाय, गोळी नाही, इंजेक्शन नाही, नुसत्या हातांनी मणके नीट करतो. त्याला कायरोप्रॅक्टर म्हणतात. त्याचं नाव इथं देत नाही, त्याला ते आवडणार नाही.

"म्हंजे इंग्रजीतला हाडवैद्यच की," मी म्हणालो. पण आक्काला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही.

खोली नको तितकी स्वच्छ होती. कोपऱ्यात मणक्यांचा सांगाडा टांगलेला, मधोमध एक ठेंगणं टेबल, त्याला तोंड घालायला भोक. भिंतीवर इंग्रजी प्रमाणपत्र. मी त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो. वाचता फारसं येत नव्हतं, पण शिक्का बघितला.

"तुमी डॉक्टर हाय का न्हाई?" मी सरळ विचारलं.

"गोळ्या देणारा डॉक्टर नाही," तो म्हणाला. बोलणं थोडं अडखळत, मराठीची सवय सुटल्यासारखं. "मणक्यांचं शिकलोय. हातांनी उपचार करतो."

"आमच्या हाडवैद्यानं बी हातानंच केलं."

तो एकदम गंभीर झाला. "काय केलं? मान फिरवली? नंतर काय झालं?"

दाजी आणि आक्का बाहेर बसले होते, रत्ना माझ्याबरोबर आत. मी बोटांचं सांगणार नव्हतो, पण तो विचारतच राहिला. चालताना पायातली चप्पल सुटते का? जिना उतरताना कठडा धरता का? मग गुडघ्यावर लहान हातोडी मारली. पाय असा उडाला की त्यालाच लागला असता. तळपायावर किल्ली ओढली. मुठी भराभर उघडझाप करायला लावल्या. शेवटी म्हणाला, "शर्टाची बटणं काढा आणि परत लावा."

काढली कशीबशी. लावताना वरचं बटण काजात जाईना. रत्ना सवयीनं पुढं झाली.

"थांबा वहिनी. त्यांना करू द्या."

मला जमलं नाही. त्यानं रत्नाला विचारलं, "यांची बटणं तुम्ही कधीपासून लावताय?"

"त्या हाडवैद्याकडनं आल्यापास्नं," ती म्हणाली. इतके दिवस ती रोज सकाळी माझी बटणं लावत होती आणि आम्ही दोघंही त्याबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो.

त्यानं जुना फोटो उजेडात धरला, बराच वेळ बघितला. मग म्हणाला, "मी तुमच्या मानेला हात लावणार नाही."

"का?"

"आत काय झालंय ते मला कळलेलं नाही. हा फोटो मान सरळ ठेवून काढलाय. मान थोडी पुढे आणि थोडी मागे नेऊन फोटो पाहिजे, तोही सर्जन समोर उभे असताना. तोवर कुणालाही मानेला हात लावू देऊ नका. पट्टा काढू नका." आणि त्यानं तिथंच मिरजेच्या एका मणक्याच्या सर्जनला फोन लावला. सगळं इंग्रजीत बोलला.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अस्सं! या खोलीतून त्या खोलीत माल पाठवायचा आणि मधे अडत, म्हणजे दलाली, खायची. हा धंदा मला कुणी शिकवायला नको होता. इंग्रजीत बोलला ते आम्हाला कळू नये म्हणूनच.

बाहेर येऊन दाजींना सांगितलं तर ते भडकले. आत जाऊन म्हणाले, "आवं, एवढ्या लांबनं पेशंट आणला, आन तुमी हात बी लावत न्हाई? मग तुमी शिकला तरी काय?"

"हेच शिकलो," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं आमच्याकडून काही घेतलं नाही.

रस्त्यावर आल्यावर दाजी थोडे थंड झाले. "भूपाल, फोनवर तो अर्जंट म्हणाला रं. दोनदा."

"म्हणणारच. गिऱ्हाईक सुटायला नको."

रत्ना

मी मिरजेला गेलो नाही. घरी येऊन ठरवलं की पुन्हा त्या हाडवैद्याकडेच जायचं. काही झालं तरी त्यानं दोन-तीन दिवस सुखाचे दिले होते. कदाचित मणका अर्धाच बसला असेल. आणखी एक झटका दिला की पुरा बसेल.

सकाळी तयार होऊन बसलो. रत्ना बटणं लावायला आली नाही. हाक मारली. ती दारात उभी राहिली.

"लावा तुमची तुमी," ती म्हणाली.

"रत्ना, उशीर होतोय."

"त्या साताऱ्याच्या माणसानं तुमच्याकडनं काय घेतलं? कायबी न्हाई. कटकट मान मोडली असती, पाठीवर थाप मारली असती, तर तुमी त्याला देव म्हणला असता. हात लावला न्हाई म्हणून तो चोर?" ती दारातून आत आली. "सगळ्या जगाच्या पेटीत खाली हात घालून बघता. सोताच्या मानंत बघायची भीती वाटती, व्हय ना?"

इतक्या वर्षांत ती माझ्याशी असं कधी बोलली नव्हती. मागं आई उभी होती. ती फक्त म्हणाली, "मिरजेला जा." मी उठलो, पण बटण उघडंच राहिलं. तिचं खरं होतं.

मिरजेच्या दवाखान्यात सर्जन स्वतः फोटोच्या खोलीत थांबले. मान थोडीशी पुढं घ्यायला लावली, आणि लगेच "बस, बस" म्हणाले. नंतर त्यांनी फोटो दिव्यावर लावला. मला शिकवायची गरज पडली नाही. एकावर एक रचलेल्या पेट्यांतली एखादी पुढं सरकावी तसा एक मणका खालच्यावरून पुढं सरकलेला दिसत होता.

"मान सरळ ठेवली की हा जागेवर येतो. म्हणून आधी दिसला नाही," ते म्हणाले. "याच्या मागून मज्जारज्जू जातो. परत कुणी मान फिरवली असती तर..."

रत्ना म्हणाली, "तर काय? सांगा."

"हातपाय गेले असते. कदाचित श्वासही."

मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "साताऱ्याचे ते डॉक्टर तुमच्या ओळखीचे हाईत?"

"नाही हो. फोनवरच पहिल्यांदा बोललो. तुम्ही आला नाहीत तेव्हा त्यांनी परत फोन केला होता, पेशंट पोचला का म्हणून."

मणका ट्रकनं सरकवला की हाडवैद्यानं, हे मात्र आजही कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

कमरेचं हाड मानेत

ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही. कमरेचं थोडं हाड काढून मानेत बसवलं आणि तारेनं बांधलं. आदल्या दिवशी सही करताना मी सर्जनना इतके प्रश्न विचारले की शेवटी ते खुर्ची ओढून बसले. शुद्धीवर आलो तेव्हा मानेपेक्षा कंबर जास्त दुखत होती. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगून ठेवतो. आणखी एक सांगतो. पायाची बोटं हलवून दाखवा म्हणतात तेव्हा ती हलेपर्यंत जो क्षण जातो, तो फार मोठा असतो. माझी हलली.

हातांना वेळ लागला. रत्ना रोज रुमालात थोडे बेदाणे आणायची. "डोळं मिटा. सांगा, ओला का कोरडा?"

"कोरडा."

"चुकलं. उद्या परत."

एका सकाळी अंगावरचं घोंगडं ओढताना त्याची खरखर बोटांना लागली. मी ते कितीतरी वेळ चाचपत राहिलो. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी विचारलं, "काय हरवलंय का?"

पुन्हा साताऱ्यात

मान आता पूर्वीइतकी वळत नाही. मागून कुणी हाक मारली की सगळा माणूस वळवावा लागतो. उजव्या हाताची दोन बोटं अजून थोडी बधिर आहेत. ऑपरेशननंतर बऱ्याच महिन्यांनी खांदे आणि पाठ लाकडासारखी झाली, तेव्हा सर्जननीच सांगितलं, "मानेला हात न लावता पाठ मोकळी करून घ्या. साताऱ्याचेच ते करतील, सांभाळून करतील."

मी गेलो. या वेळी एकटाच. त्यानं नवे फोटो बघितले, सर्जनशी फोनवर बोलला. या वेळी मराठीत. मग मी विचारलं, "त्या दिवशी मान मोडली असती तर आमी खुश हून गेलो असतो. तुमचं नाव झालं असतं. का केलं न्हाई?"

"मी घाबरलो होतो," तो म्हणाला. "तुमचे दाजी आत येऊन ओरडले तेव्हा वाटलं, करून टाकावं हलकंसं."

मला वाटलं होतं तो काहीतरी शहाणपणाचं बोलेल.

टेबलावर पालथा झोपलो, भोकात तोंड घातलं. खाली फरशीशिवाय काही दिसत नव्हतं. मागं कोण काय करतंय ते कळत नव्हतं. त्याचे हात खांद्यांच्या मधोमध आले आणि माझं सगळं अंग आखडलं.

"भीती वाटतेय?"

"व्हय."

"मग थांबा म्हणा. मी थांबेन."

त्यानं हळूच दाबलं. मी म्हणालो, "थांबा." तो थांबला. पुन्हा सुरू केलं, जरा खाली. कळ आली, "थांबा." तो थांबला, हात उचलून बाजूला उभा राहिला. तिसऱ्या वेळी काही दुखत नव्हतं. उगाच, बघायचं म्हणून, म्हणालो, "थांबा."

तो थांबला. कारण विचारलं नाही.

मी डोळे मिटले आणि म्हणालो, "चालू द्या."